वरचा सूर्य, खालचा सूर्य

अण्णा, वाद अर्धवट टाकून उठून जायची तुमची खोड शेवटपर्यंत गेली नाही. मी मुद्द्यावर आलो की तुम्ही "बघू की निवांत" म्हणायचात आणि चपला शोधायला लागायचात. या वेळीही तेच केलंत. तुम्हाला जाऊन पंधरवडा होऊन गेला. सांगलीच्या विश्रामबागेतल्या तुमच्या बंगल्यावर भेटायला येणाऱ्यांची रीघ आता कमी झाली आहे, आणि मी इथे साताऱ्यात गॅलरीत बसून तुमच्याशी भांडतो आहे. बायकोने विचारलं, एकटेच काय बडबडताय? म्हटलं, अण्णांशी बोलतोय. ती चहाचा कप ठेवून आत गेली.

शोकसभेत मी मागच्या रांगेत होतो. एका वक्त्याने तुम्हाला उद्योगमहर्षी म्हटलं तेव्हा मला हसू आवरेना. तुम्ही शेजारी असतात तर माझ्या बरगडीत कोपर मारलं असतंत. विमानाचा उल्लेख एकानेच केला, तोही 'स्वतःचं विमान बाळगणारे' असा, म्हणजे कुणी हौसेने पांढरा घोडा बाळगावा तसा. मला उठून सांगावंसं वाटत होतं की अहो, त्या विमानात गालिचा नव्हता, प्लायवूड होतं. पण शोकसभेत भांडायचं नसतं एवढं मला कळतं. तुम्हाला ते कधी कळलं नाही.

आठवतं का, तुम्ही पहिल्यांदा माझ्या घरी आलात तेव्हा मी हवाई दलातून निवृत्त होऊन आराम करायच्या बेतात होतो. वडूजच्या रानात विहिरीवर नवी मोटर बसवायची, अंगणात खुर्ची टाकून बसायचं, असा साधा विचार होता. तुम्ही दारातूनच विचारलंत, "कप्तान घरात हायत का?" मी सांगितलं की मी कप्तान नाही, विंग कमांडर. तुम्ही खुर्चीत बसलात आणि म्हणालात, "लय लांब नाव हाय वो. कप्तान बरं." त्या दिवसापासून सतरा वर्षं मी कप्तान राहिलो. आता सांगलीत मला माझ्या नावाने ओळखणारा माणूस सापडायचा नाही.

मला वैमानिक म्हणून ठेवून घेतलंत, आणि विमान घेतलंत तेही तसंच. दोन इंजिनांचं, आठ माणसांचं, मधल्या आकाराचं ते जेट आधीच कुणीतरी बरीच वर्षं वापरलेलं होतं. विकणारा माणूस कातडी खुर्च्या दाखवत होता, कॉफीचं कपाट उघडून दाखवत होता. तुम्ही पंखाखाली गेलात आणि बोटाच्या पेराने पत्र्यावर टकटक केलीत, फाउंड्रीत ओतकामावर करायचात तशी. विकणारा घाबरला. मी तुमच्या कानात म्हटलं, अण्णा, हे बिडाचं नाही. तुम्ही म्हणालात, "मला ठाव हाय. पर आवाज खणखणीत हाय का न्हाई ते बगू द्या." आवाज आवडला आणि तुम्ही घेऊन टाकलं. मी दिलेला तपासणीचा जाडजूड अहवाल तुम्ही नंतर वाचलात, अर्थात अगदी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. तेवढे शहाणे होतातच.

आणि मग ती तुमची 'गाडी'. विमान हा शब्द मी तुमच्या तोंडून ऐकला नाही. "कप्तान, सकाळच्याला गाडी काढा." विमानतळावरची नवी मुलं गोंधळायची, बाहेर जाऊन मोटार पुढे आणायची. मी चिडून म्हणायचो, गाडी रस्त्यावर चालते अण्णा, हे विमान आहे. तुम्ही शांतपणे विचारायचात, "माणसं आन् सामान न्हेती न्हवं? मग गाडीच की."

तुमच्या लेखी ती खरंच गाडी होती. साखर कारखान्यांना लागणारे गिअरबॉक्स आपण बनवतो. ऐन गळीत हंगामात कुठल्या कारखान्याच्या गिअरबॉक्सचा पिनियन, म्हणजे दात्यांचं चाक, तुटला की गाळप थांबतं, गेटबाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागते आणि ऊस उन्हात वाळत जातो. इतर लोक सुटा भाग ट्रकने धाडत. तुम्ही मागच्या दोन खुर्च्या काढून टाकल्यात, गालिचा गुंडाळून घरी तुमच्या मंडळींना, म्हणजे आमच्या काकींना, देऊन टाकलात, खाली प्लायवूड ठोकलंत आणि गोणपाटात गुंडाळलेला पिनियन पट्ट्यांनी बांधून फिटर लोकांसकट विमानात घातलात. उरलेल्या सहा खुर्च्यांत महादेव फिटर आणि त्याची माणसं, पायात जाड बूट, मांडीवर हत्यारांच्या पेट्या. कुणी उद्योगपती ते बघून म्हणाला होता की जेटची ही काय दशा! तुम्ही त्याला विचारलंत, "तुमचं कशाला हाय? फोटोला?" त्यानंतर तो गृहस्थ आपल्याशी बोलला नाही.

पहिल्यांदा महादेव चढला तेव्हा दारात त्याचं डोकं आपटलं. आत उभं राहता येत नाही, वाकूनच यावं लागतं. तो कपाळ चोळत म्हणाला, "अण्णा, दार लय बुटकं हाय." तुम्ही म्हणालात, "देवळातबी वाकूनच जातूस की." महापुराच्या वर्षी रस्ते बंद झाले तेव्हा हेच बुटकं दार औषधांच्या खोक्यांनी भरलेलं मी पाहिलं आहे. तेव्हा तुमच्या खुर्चीवरही खोकी होती आणि तुम्ही कोल्हापूरच्या धावपट्टीवर छत्री घेऊन उभे होतात.

तरी मी तुमच्याशी भांडत होतो. विका म्हणत होतो. नवं घ्या, कमी तेल पितं, कमी ओरडतं, जास्त वेगाने जातं. जुन्याचा एखादा सुटा भाग यायला वेळ लागला की मी मुद्दाम तुमच्या टेबलासमोर येऊन बसायचो. नव्या विमानाचा मोह कुठल्या वैमानिकाला नसतो, अण्णा? तुम्ही माझं सगळं ऐकून घेतलंत, कॉकपिटमधली जुनी यंत्रं बदलून नवी बसवू दिलीत, प्रत्येक तपासणी वेळेआधी केलीत, रंग उडाला तिथे रंग दिलात, पण विकलं नाहीत. "बिघडतंय का?" नाही. "पडतंय का?" नाही. "मग बघू की निवांत." आणि चपला.

दुसरा वाद सूर्याचा. तो पहिल्यापेक्षा मोठा होता आणि त्याच्या मुळाशी काकींचा डबा होता. तुमच्या घरी सूर्य मावळला की कुणी अन्नाला शिवत नाही. जैन घरात हे सांगायची गोष्ट नव्हे, पण मी वडूजचा, आमच्याकडे माणूस रानातून येतो तेव्हाच तिन्हीसांजा झालेल्या असतात. काकी सकाळी दशम्या, मुगाची उसळ, सोबत बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी असा डबा द्यायच्या. तुमच्या बैठका लांबायच्या, जेवण राहायचं, आणि परत निघेपर्यंत ऊन कलायचं. पूर्वेकडून येताना सूर्य विमानाच्या थेट नाकासमोर असतो, तुमच्या खिडकीतून तो दिसत नाही. म्हणून तुम्ही खुर्चीतून हाक मारायचात, "कप्तान, सूर्य हाय का?"

आणि गंमत अशी की तो असायचा. उंचावरून क्षितिज खाली जातं, त्यामुळे जमिनीवर दिवेलागण झाली तरी आम्हाला वर तो बराच वेळ दिसत राहतो. त्यात आपण पश्चिमेला पळत असतो, म्हणजे त्याच्या मागेच लागलेलो. मी ओरडायचो, आहे अण्णा, चांगला हातभर वर आहे, जेवून घ्या! तुम्ही खिडकीतून खाली बघायचात. खाली गावं काळी पडलेली, कुठेकुठे दिवे लागलेले. तुम्ही डब्याचं झाकण परत लावायचात.

यावर आपण किती डोकं खाल्लं एकमेकांचं! मी म्हणायचो, नियम सूर्याचा आहे, जमिनीचा नाही. डोळ्यांना सूर्य दिसतोय, त्याच्या उजेडात बसलाय, मग अडलं कुठं? तुम्ही म्हणायचात, "कप्तान, ह्यो तुमचा वरचा सूर्य. त्यो पैका देऊन बगायचा. माजी माणसं खाली हायत. बायको खाली हाय, कारखाना खाली हाय. त्यांचा दिस मावळला, म्हंजी माजाबी मावळला." मी म्हणायचो, मग नवं विमान घ्या, वेगाने पोचू, खालचाही सूर्य सापडेल. तुम्ही म्हणायचात, "त्यापरीस दुपारला बैठक लवकर उठवीन." उठवली मात्र कधी नाहीत.

एकदा हिवाळ्यात वडूजला आमच्या घरी आलात. आई तेव्हा होती. तिने तुमच्यासाठी चार वाजताच चूल पेटवली, ज्वारीच्या भाकरी, दही, नुसत्या मिरचीचा बिनलसणाचा ठेचा. तुम्ही जेवत असताना ती समोर बसून म्हणाली, "आवं अण्णा, दिस मावळायच्या आत जेवता, मंग आमच्या कोंबड्यांसंगं झोपता व्हय?" तुम्हाला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं हसून. मग मी आपला वाद तिच्यापुढे मांडला, मला वाटलं आई आपली, आपल्या बाजूने बोलेल. ती म्हणाली, "अण्णांचंच बरूबर हाय. तू वर काय दिवा लावून बसतूस त्यो तुजा तुज्यापाशी." परतीच्या वाटेवर तुम्ही कितीतरी वेळ एकटेच हसत होतात.

मात्र न उघडलेला डबा घरी गेला की बोलणी मला बसायची. काकी फोन करायच्या, "कप्तान, डबा हाय तसा कसा आला? तुमी असून काय उपेग?" मी म्हणायचो, काकी, मी सूर्य दाखवला, ते बघायला तयार नाहीत. त्या म्हणायच्या, "मग खालचा धरून ठेवायचा." तुमच्या घरात सगळे असेच बोलतात.

आता ती संध्याकाळ. हैदराबादच्या दवाखान्यातून तुम्हाला घरी आणत होतो. डॉक्टरांनी तुमच्या मुलाला, अभयला, बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं होतं. तुम्हाला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण तुम्ही काय सांगायची वाट बघणारे माणूस? मागे आडवं झोपायची सोय केली होती, ती तुम्ही धुडकावलीत आणि आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसलात. अभय बरेच दिवस जागलेला, विमान वर चढायच्या आत त्याला झोप लागली. काकींनी आदल्या दिवशी कुणाबरोबर तरी दशम्या पाठवल्या होत्या. तो डबा तुमच्या मांडीवर होता.

"कप्तान, सूर्य हाय का?"

आवाज इतका बारीक होता की मी सहवैमानिकाच्या हाती विमान दिलं आणि उठून मागे आलो, तुमच्याजवळ प्लायवूडवर उकिडवा बसलो. म्हटलं, वरचा आहे अण्णा. खालचा गेला. तुम्ही खिडकीतून खाली पाहिलंत, नेहमीसारखंच. मला वाटलं, आता झाकण लागेल. मी ते लावायला हातही पुढे केला.

तुम्ही म्हणालात, "आता वरचाच चालंल, कप्तान."

आणि दशमीचा तुकडा मोडलात.

अण्णा, इतकी वर्षं तुमच्याशी भांडलो, त्यात हा एकच वाद मी जिंकलो, आणि मला तो जिंकायचा नव्हता. मला म्हणायचं होतं की नको, झाकण लावा, थोडा दम धरा, घरी पोचल्यावर उद्या सकाळी खालच्या सूर्यात जेवा. तुम्ही मला अर्धी दशमी दिलीत. मी ती खाल्ली.  मग मी डोळे पुसून पुढे जाऊन बसलो, कारण विमान उतरवायचं होतं.

रिकामा डबा बघून काकींना केवढा आनंद झाला! म्हणाल्या, "आज खाल्लं बघा! तुमी सांगितलं न्हवं?" मी हो म्हटलं. तुम्ही काय म्हणालात ते मी त्यांना सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही. हे छापून आलं तर वाचतील आणि मला फोन करतील. त्या काय म्हणतील याची मला भीती वाटते, आणि फोन यावा असंही वाटतं.

तुम्ही गेल्यावर आठवड्याने अभयने मला बोलावून घेतलं. तुमच्या खुर्चीत न बसता बाजूच्या बाकावर बसला होता. म्हणाला, "काका, विमानाला गिऱ्हाईक आलंय. बाहेरच्या देशातली कंपनी आहे." मी विचारलं, उडवायला घेणार? त्याने मान हलवली. "मोडायला. इंजिनं आणि सुटे भाग काढून घेणार. याच प्रकारची अजून बरीच विमानं जगात उडतायत, त्यांना लागतात." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्हीच तर अण्णांना नेहमी सांगायचात, विका म्हणून. त्याचं वय झालं म्हणून. तुम्ही हो म्हणालात की मी कळवतो."

मी हो म्हणायला तोंड उघडलं. सगळे मुद्दे पाठ होते. आणि तोंडातून निघालं, "गाडी राहू दे."

अभय चमकला. मीही. गाडी हा शब्द माझ्या जिभेवर कधी येऊन बसला, मला कळलंच नाही. तो म्हणाला, "काका, भावनेवर नका जाऊ." खरं होतं त्याचं. कारखाना त्याला चालवायचा आहे, मला नव्हे. माझी स्वतःची उडायची वर्षंही आता संपत आली आहेत. मी म्हटलं, बरं, भावना सोड. पुढचा पिनियन जाईल तेव्हा माझ्याबरोबर चल. मग ठरव. तू आजवर तिच्यातून फक्त बैठकांना गेलास.

पिनियन गेला, गेल्या बुधवारी. आंध्रातला कारखाना. महादेव, त्याची तीन माणसं, गोणपाटातला तो बोजा आणि अभय. विजयवाड्याला उतरून जीपने पुढे गेलो. गेटबाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली, चालक सावलीला पत्ते खेळत होते. महादेवने रात्री काम संपवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी गाळप सुरळीत सुरू झालं, भोंगा वाजला, आणि ट्रॅक्टर एकामागून एक हलायला लागले. एक म्हातारा तेलुगूत अभयशी बरंच काही बोलला. अभयला एक अक्षर कळलं नाही. म्हाताऱ्याने त्याचे दोन्ही हात धरून ठेवले होते, तेवढं कळलं असावं.

जाताना रिकामी ठेवलेली तुमची खुर्ची परतताना महादेवने अभयला दाखवली. "बसा दादा. कवातरी बसायचंच हाय." तो बसला. वर गेल्यावर थोड्या वेळाने वाकून पुढे आला आणि माझ्या पाठीशी उकिडवा बसला. म्हणाला, "काका, खरं सांगा. ही अजून किती वर्षं चालेल?"

म्हटलं, विमान वर्षांनी म्हातारं होत नाही, हेळसांडीने होतं. अण्णांनी हेळसांड होऊ दिली नाही. तू नाही होऊ दिलीस तर मी निवृत्त होईन, माझ्यानंतरचा कप्तान येईल, तोही तुला विका विका म्हणून भंडावेल, आणि ही चालत राहील. दमेल तेव्हा आधी सांगेल, आमच्या तपासणीत कळतं ते. तेव्हा खुशाल मोड.

तो समोर बघत राहिला. सूर्य नाकासमोर होता, लाल, चांगला हातभर वर. "मग चालू दे," म्हणाला. "त्या लोकांना नाही म्हणून कळवतो." आणि उठून मागे गेला.

मी नजर यंत्रांवर वळवली.  मागे डब्यांचा आवाज यायला लागला. अण्णा, महादेव काही जैन नाही, त्याची माणसंही नाहीत. पण तुमच्या गाडीत तुम्ही झाकण लावलंत की त्यांचीही लागायची, ही रीत त्यांनी आपणहून पाळली होती, आणि तुम्ही नसतानाही ती मोडायचं त्यांना सुचलं नव्हतं. महादेवने तुमच्यासारखीच हाक मारली, "कप्तानसायेब, सूर्य हाय का?"

मी सांगणार होतो. आहे, वरचा आहे, जेवून घ्या, वरचाच चालेल. जिभेवर आलं होतं. पण माझ्या आधी अभयचा आवाज आला. मी वळून पाहिलं. तो तुमच्या खुर्चीत होता, मांडीवर काकींचा डबा, कपाळ खिडकीला टेकवून खाली बघत होता. खाली गावं काळी पडत होती, दिवे लागत होते.

"खालचा गेला, महादेवमामा," तो म्हणाला. "माझं राहू दे. तुम्ही खुशाल जेवा."

एकामागून एक सगळी झाकणं परत लागल्याचे आवाज मला पुढे ऐकू आले.

हरलो अण्णा. परत हरलो. लय बरं वाटलं.